दूरस्थ डेस्कटॉप सत्रांतील कळफलक मांडणीच्या अडचणी

एका संगणकासमोर बसून जाळ्याद्वारे दुसऱ्या संगणकावर काम करताना दाबलेली कळ आणि पडद्यावर उमटणारे अक्षर यांत पडणाऱ्या तफावतीला दूरस्थ डेस्कटॉप सत्रातील कळफलक मांडणीची अडचण असे म्हणतात. ‘ॲट’च्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटणे, ‘वाय’ आणि ‘झेड’ ही अक्षरे परस्परांच्या जागी येणे, मराठीऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे दिसणे, परवलीचा शब्द बरोबर असूनही नाकारला जाणे ही या अडचणींची नेहमीची लक्षणे आहेत. कळफलक नादुरुस्त असल्याने असे घडते हा समज बहुधा चुकीचा असतो. जवळचा संगणक, जोडणीची आज्ञावली आणि दूरस्थ संगणक या तिघांपैकी कळेचे अक्षरात रूपांतर नेमके कोणी करावे याविषयी एकवाक्यता नसणे, हे त्यांचे मूळ कारण असते.

या लेखात वापरकर्त्यासमोरच्या संगणकाला ‘जवळचा संगणक’ आणि ज्यावर प्रत्यक्ष काम चालते त्याला ‘दूरस्थ संगणक’ म्हटले आहे.

कळ, स्कॅन कोड आणि मांडणी

कळफलकावरील कळेवर अक्षर छापलेले असले, तरी ते अक्षर कळफलक संगणकाला कळवत नाही. कोणत्या जागेवरची कळ दाबली गेली अथवा सोडली गेली, एवढेच तो कळवतो. जागा दर्शवणाऱ्या या क्रमांकाला स्कॅन कोड म्हणतात. त्या जागेला कोणते अक्षर द्यायचे, हे संगणकाच्या कार्यप्रणालीत निवडलेली कळफलक मांडणी ठरवते. कळफलक म्हणजे केवळ जागांची चौकट आणि मांडणी म्हणजे त्या जागांचा अर्थ सांगणारा कोश, असे याचे वर्णन करता येईल.

एकाच कळेचे अर्थ मांडणीनुसार कसे बदलतात, हे पुढील उदाहरणांवरून ध्यानात येईल.

• अमेरिकी इंग्रजी मांडणीत शिफ्ट आणि २ या कळांनी ‘ॲट’चे चिन्ह उमटते, ब्रिटिश मांडणीत त्याच कळांनी दुहेरी अवतरणचिन्ह उमटते.
• शिफ्ट आणि ३ यांनी अमेरिकी मांडणीत ‘हॅश’, तर ब्रिटिश मांडणीत पौंडाचे चिन्ह मिळते.
• जर्मन मांडणीत ‘वाय’ आणि ‘झेड’ यांच्या जागांची अदलाबदल असते.
• फ्रेंच मांडणीत ‘ए’ व ‘क्यू’ आणि ‘झेड’ व ‘डब्ल्यू’ या जोड्यांची अदलाबदल असते. वरच्या ओळीतील अंकांसाठी शिफ्ट कळ दाबावी लागते.
• इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत ‘के’च्या जागी क, ‘जे’च्या जागी र, ‘सी’च्या जागी म आणि ‘डी’च्या जागी हलन्त चिन्ह असते.

भारतात विकले जाणारे बहुतेक कळफलक अमेरिकी रचनेचे असतात. यामुळे ब्रिटन अथवा युरोपातील सर्व्हरवर पुणे, मुंबई किंवा अन्य भारतीय शहरांतून काम करणाऱ्यांना चिन्हांची ही तफावत वारंवार जाणवते.

कळांच्या संख्येतील फरकही येथे महत्त्वाचा ठरतो. ब्रिटिश व अन्य युरोपीय कळफलकांवर डाव्या शिफ्ट कळेच्या शेजारी एक जादा कळ असते. अमेरिकी रचनेत ती नसते. ब्रिटिश मांडणीत उलटी तिरकी रेघ आणि उभी रेघ ही दोन्ही चिन्हे याच कळेवर असतात. म्हणून अमेरिकी रचनेच्या कळफलकावर ब्रिटिश मांडणी चालू असेल, तर ही चिन्हे नेहमीच्या मार्गाने टंकताच येत नाहीत. विंडोजमधील फाइलींचे मार्ग उलट्या तिरक्या रेघेनेच लिहिले जात असल्यामुळे ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

जोडणीच्या पद्धती

दूरस्थ सत्रात कळेची माहिती जाळ्यातून कोणत्या रूपात पाठवली जाते, यावर अडचणीचे स्वरूप अवलंबून असते. तिची मुख्य रूपे दोन आहेत: जागा पाठवणे आणि अक्षर पाठवणे.

रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल (आरडीपी): मायक्रोसॉफ्टची ही पद्धत १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आली. तिचे प्रमाणित पोर्ट ३३८९ आहे. या पद्धतीत सामान्यतः स्कॅन कोड, म्हणजे कळेची जागा पाठवली जाते आणि अक्षर दूरस्थ संगणक ठरवतो. जोडणी होताना जवळचा संगणक आपल्या मांडणीचा संकेतांकही कळवतो आणि दूरस्थ संगणक ती मांडणी सत्रात लागू करण्याचा प्रयत्न करतो. हा संकेतांक अमेरिकी इंग्रजीसाठी ०४०९, ब्रिटिश इंग्रजीसाठी ०८०९, भारतीय इंग्रजीसाठी ४००९ आणि मराठीसाठी ०४४ई असा असतो (हे संकेतांक षोडशमान पद्धतीचे आहेत). जोडणी झाल्यानंतर जवळच्या संगणकावर मांडणी बदलली, तरी तो बदल दूरस्थ सत्रात आपोआप उमटेलच असे नाही. आरडीपीमध्ये जागेऐवजी थेट युनिकोड अक्षर पाठवण्याचीही सोय आहे. भ्रमणध्वनीवरील काही ॲप तिचा उपयोग करतात.

व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग (व्हीएनसी): केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत ही पद्धत विकसित झाली. तिच्या मुळाशी असलेला आरएफबी प्रोटोकॉल २०११ साली आरएफसी ६१४३ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाला. यात कळेची जागा न पाठवता एक्स विंडो प्रणालीतील ‘कीसिम’, म्हणजे अक्षराचे वा चिन्हाचे नाव दर्शवणारा क्रमांक पाठवला जातो. म्हणजेच अक्षर जवळच्या संगणकावर ठरते. दूरस्थ संगणकाला मात्र उलट दिशेने विचार करावा लागतो: हे अक्षर उमटण्यासाठी माझ्या मांडणीतील कोणती कळ दाबायला हवी? त्या मांडणीत ते अक्षरच नसेल, तर काहीच उमटत नाही अथवा भलतेच उमटते. या दोषावर उपाय म्हणून काही आज्ञावल्यांनी स्कॅन कोडही सोबत पाठवण्याचा विस्तार स्वीकारला आहे. क्यूईएमयू या आभासी संगणकाच्या आज्ञावलीतून आलेला विस्तार त्यांपैकी एक होय.

एसएसएच: यात चित्ररूप पडदा नसून केवळ अक्षरांची देवाणघेवाण होते. अक्षर पूर्णपणे जवळच्या संगणकावर ठरते आणि बाइटांच्या रूपात पलीकडे जाते. म्हणून दूरस्थ संगणकाच्या कळफलक मांडणीचा येथे संबंध येत नाही. मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे अथवा विचित्र चिन्हे दिसत असतील, तर दोष मांडणीचा नसून बहुधा वर्णसंकेतनाचा असतो. दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ असल्याची खातरजमा करावी.

ब्राउझरमधून जोडणी: अपाची ग्वाकामोलेसारख्या प्रणालीत मध्ये एक सर्व्हर असतो. ब्राउझरकडून आलेले अक्षर तो पुन्हा आरडीपीच्या स्कॅन कोडमध्ये बदलतो. त्यासाठी दूरस्थ संगणकाची मांडणी कोणती, हे त्याला आधी सांगावे लागते. न सांगितल्यास तो अमेरिकी मांडणी गृहीत धरतो. योग्य मांडणी यादीत नसल्यास ‘फेलसेफ’ हा पर्याय निवडता येतो; त्यात सर्व अक्षरे युनिकोड रूपात पाठवली जातात.

यावरून एक सर्वसाधारण नियम निघतो. कळेचे अक्षरात रूपांतर एकदाच आणि एकाच ठिकाणी व्हावे. जागा पाठवणाऱ्या पद्धतीत दूरस्थ संगणकाची मांडणी नीट लावावी. अक्षर पाठवणाऱ्या पद्धतीत जवळच्या संगणकाची मांडणी नीट लावावी आणि दूरस्थ मांडणी शक्यतो तिच्याशी जुळती ठेवावी. रूपांतर दोनदा झाले की अक्षरे बिघडतात. एकदाही झाले नाही की ती उमटतच नाहीत.

अडचणींचे प्रकार

चिन्हांची अदलाबदल: अक्षरे बरोबर, पण विरामचिन्हे चुकीची असतील, तर एकाच भाषेच्या दोन प्रादेशिक मांडण्यांचा गोंधळ असतो. अमेरिकी आणि ब्रिटिश मांडणी हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

अक्षरांची अदलाबदल: काही ठरावीक अक्षरेच बदलत असतील, तर जर्मन अथवा फ्रेंचसारखी वेगळ्या रचनेची मांडणी चालू असते.

चिन्ह उशिरा उमटणे: अवतरणचिन्ह दाबल्यावर काहीच दिसत नाही आणि पुढचे अक्षर दाबताच दोन्ही एकदम दिसतात, किंवा त्या अक्षरावर स्वरचिन्ह चढते. ही अमेरिकी-आंतरराष्ट्रीय मांडणीची खूण आहे. तिच्यात काही कळा पुढील अक्षराची वाट पाहतात. अवतरणचिन्हानंतर स्पेस कळ दाबल्यास केवळ चिन्ह मिळते. पण मांडणी बदलणे हाच खरा उपाय होय.

उजवी आल्ट कळ निष्फळ ठरणे: अनेक मांडण्यांत उजवी आल्ट कळ ‘आल्ट जीआर’ म्हणून तिसऱ्या थरातील चिन्हांसाठी वापरली जाते. विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत आल्ट जीआर आणि ४ यांनी रुपयाचे चिन्ह उमटते. साध्या अमेरिकी मांडणीत या जोडीने चिन्ह मिळत नाही. म्हणून जवळच्या संगणकावर मिळणारे रुपयाचे चिन्ह दूरस्थ सत्रात मिळत नसेल, तर तेथे अमेरिकी मांडणी चालू असल्याची शंका घ्यावी.

कळ अडकून राहणे: आल्ट-टॅब वापरून सत्राच्या खिडकीबाहेर गेल्यास कधी कधी ‘कळ सोडली’ हा संदेश दूरस्थ संगणकाला पोहोचत नाही. आल्ट, कंट्रोल अथवा विंडोज कळ अजून दाबलेलीच आहे असे तो मानतो. मग साधे अक्षर दाबले तरी मेनू उघडतात किंवा खिडक्या बंद होतात. हा मांडणीचा दोष नव्हे. सत्राच्या खिडकीत येऊन दोन्ही बाजूंच्या शिफ्ट, कंट्रोल व आल्ट कळा आणि विंडोज कळ प्रत्येकी एकदा दाबून सोडल्यास तो बहुधा नाहीसा होतो.

न निवडलेली मांडणी दिसणे: वापरकर्त्याने कधीही न निवडलेली मांडणी दूरस्थ विंडोजच्या भाषासूचीत अचानक दिसू लागते. सेटिंगच्या यादीत ती नसल्यामुळे काढताही येत नाही. जोडणीच्या वेळी जवळच्या संगणकाने कळवलेल्या संकेतांकामुळे ती आलेली असते.

मराठी आणि देवनागरी लेखन

देवनागरीसाठी प्रचलित असलेल्या लेखनपद्धतींचे या संदर्भात तीन गट पडतात. प्रत्येक गटाची अडचण व तिचा उपाय वेगळा आहे.

पहिला गट इनस्क्रिप्टचा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली पुढे आणलेली ही मांडणी १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात समाविष्ट झाली. ती कार्यप्रणालीचाच भाग असल्यामुळे आरडीपी सत्रात दूरस्थ संगणकावर मराठी भाषा जोडली की पुरते. ती तेथे चालू नसेल, तर काय होते याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. ‘मराठी’ हा शब्द इनस्क्रिप्टच्या सवयीने टंकल्यास अमेरिकी मांडणीत सी, जे, ई, दुहेरी अवतरणचिन्ह, आर अशी मालिका उमटते. ब्रिटिश मांडणीत चौथ्या स्थानी अवतरणचिन्हाऐवजी ‘ॲट’चे चिन्ह येते. अशा रीतीने एकाच शब्दावरून केवळ मराठी मांडणी बंद असल्याचेच नव्हे, तर तिच्या जागी कोणती इंग्रजी मांडणी चालू आहे हेही ओळखता येते. उलटपक्षी इंग्रजीतील ‘रन’ ही आज्ञा टंकताना मराठी मांडणी चालू राहिली, तर दीर्घ ईकाराची मात्रा, ह आणि ल ही अक्षरे उमटतात. व्यंजनाशिवाय आलेली ती मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसते. असे वर्तुळ ओळीच्या आरंभी दिसले की मांडणी बदलायची राहिली आहे, असे खुशाल समजावे.

दुसरा गट उच्चारानुसारी लेखनाचा. यात रोमन अक्षरांनी उच्चार टंकला जातो आणि एखादी आज्ञावली त्याचे देवनागरीत रूपांतर करते. विंडोज १० च्या मे २०१९ मधील अद्यतनापासून मराठीसह दहा भारतीय भाषांचे असे कळफलक विंडोजमध्येच उपलब्ध आहेत. अशी आज्ञावली केवळ जवळच्या संगणकावर बसवलेली असेल, तर आरडीपी सत्रात ती अनेकदा निरुपयोगी ठरते. कारण पलीकडे स्कॅन कोड जातो, रूपांतरित अक्षर नव्हे. तीच आज्ञावली दूरस्थ संगणकावर बसवणे हा खात्रीचा मार्ग आहे. दोन्हीकडे ती चालू ठेवल्यास मात्र दुहेरी रूपांतराचा धोका असतो. म्हणून सत्र चालू असताना जवळच्या संगणकावरील मांडणी साधी इंग्रजी ठेवावी.

तिसरा गट जुन्या, युनिकोडपूर्व टंकांचा. यात संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठवतो आणि टंक त्यांना देवनागरी रूप देतो. दूरस्थ संगणकावर तो टंक नसेल, तर मजकूर रोमन अक्षरांत दिसतो. येथे मांडणी कितीही बदलली तरी उपयोग होत नाही. टंक दूरस्थ संगणकावर बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन मांडणीची सवय असलेल्यांनी युनिकोडवर आधारित रेमिंग्टन मांडणी बसवल्यास ही अडचण टळते. पण अशी स्वतंत्र मांडणीही दूरस्थ संगणकावर बसवावी लागते.

मराठीच्या दृष्टीने ‘ऱ’ या अक्षराची विशेष काळजी घ्यावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये ते शिफ्ट आणि ‘जे’ या कळांवर आहे. हिंदीसाठी रचलेल्या काही उच्चारानुसारी मांडण्यांत ते सहज सापडत नाही आणि मग टंकणारा ‘ऱ्य’च्या जागी ‘र्य’ वापरून वेळ निभावतो. त्याने अर्थ बदलतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. नोंदवह्या, अभिलेख आणि प्रमाणपत्रे दूरस्थ सर्व्हरवर भरली जात असतील, तर एकाच आडनावाची दोन रूपे साठतात आणि पुढे शोध घेताना नोंद सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराची स्थितीही अशीच आहे. युनिकोडमध्ये त्याला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वीच्या मांडण्यांत ते नसल्यामुळे ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली, तरी संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत.

निदान

उपाय करण्यापूर्वी दोष कोठे आहे हे ठरवावे. पुढील क्रम उपयोगी पडतो.

१. जवळच्या संगणकावर नोटपॅडसारखी साधी आज्ञावली उघडून तीच अक्षरे टंकावीत. तेथेही ती चुकत असतील, तर दोष सत्राचा नाही.

२. दूरस्थ सत्रात अशीच साधी आज्ञावली उघडून शिफ्ट-२, शिफ्ट-३, शिफ्ट आणि अवतरणचिन्हाची कळ, ‘वाय’, ‘झेड’, आणि एन्टरच्या वरची कळ या क्रमाने दाबाव्यात. पहिल्या तीन कळांनी ‘ॲट’, ‘हॅश’ आणि दुहेरी अवतरणचिन्ह आले, तर मांडणी अमेरिकी. अवतरणचिन्ह, पौंड आणि ‘ॲट’ आले, तर ब्रिटिश. ‘वाय’ व ‘झेड’ उलटे आले, तर जर्मन असण्याची शक्यता अधिक.

३. दूरस्थ विंडोजमध्ये पडद्यावरील कळफलक उघडावा. चालू मांडणीतील अक्षरे त्याच्या कळांवर दिसतात. त्यावर माउसने टिचकी मारून अक्षर बरोबर उमटत असेल आणि प्रत्यक्ष कळफलकावरून चुकत असेल, तर दोष दूरस्थ मांडणीत नसून जोडणीत अथवा जवळच्या बाजूला आहे.

४. दूरस्थ लिनक्सवर एक्स विंडो प्रणाली असल्यास ‘सेटएक्सकेबीमॅप’ ही आज्ञा ‘क्वेरी’ या पर्यायासह दिली असता चालू मांडणी कळते. ‘एक्सईव्ही’ ही आज्ञावली दाबलेल्या प्रत्येक कळेचा क्रमांक आणि कीसिम दाखवते.

५. दोष सर्वच खिडक्यांत आहे की एकाच खिडकीत, हे पाहावे. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी मांडणी ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू असल्यास एका खिडकीत मराठी आणि दुसरीत इंग्रजी असे घडते.

६. अन्य वापरकर्त्याने दुसऱ्या संगणकावरून त्याच सर्व्हरशी जोडणी करून पाहावी. त्यास अडचण येत नसेल, तर दोष पहिल्या संगणकाच्या बाजूस आहे.

उपाय

दूरस्थ विंडोज: प्रथम विंडोज कळ आणि स्पेस, किंवा डावी आल्ट आणि शिफ्ट, या कळांनी मांडणी बदलून पाहावी. या कळा जवळच्याच संगणकाने पकडल्या, तर रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या ‘लोकल रिसोर्सेस’ या भागात ‘कीबोर्ड’ या शीर्षकाखाली त्या कोणाला द्यायच्या हे ठरवता येते. जवळचा संगणक, दूरस्थ संगणक आणि केवळ पूर्ण पडदा असताना दूरस्थ संगणक, असे तीन पर्याय तेथे असतात. आवश्यक ती भाषा व मांडणी दूरस्थ संगणकाच्या सेटिंगमध्ये जोडावी आणि नको असलेल्या मांडण्या काढून टाकाव्यात.

न निवडलेली मांडणी वारंवार येत असल्यास दूरस्थ संगणकाच्या रजिस्ट्रीत ‘हकी लोकल मशीन’, ‘सिस्टम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’, ‘कीबोर्ड लेआउट’ या मार्गावर ‘इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट’ या नावाचे डीवर्ड मूल्य तयार करून त्यास १ ही किंमत द्यावी. सर्व शब्द रोमन लिपीत आणि नावातील शब्द सलग लिहावेत. यानंतर दूरस्थ संगणक जवळच्या मांडणीची सूचना मानत नाही; स्वतःचीच मांडणी वापरतो. हा बदल प्रशासकीय अधिकार असलेल्यानेच करावा, आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवावी आणि सर्व्हर अनेकांच्या वापरात असेल तर त्यांना पूर्वकल्पना द्यावी. कारण आपापल्या देशाची मांडणी वापरणाऱ्या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

सत्र केवळ तोडल्याने ते दूरस्थ संगणकावर चालूच राहते. म्हणून मांडणीतील बदल तपासण्यासाठी सत्रातून पूर्णपणे बाहेर पडून, म्हणजे साइन आउट करून, पुन्हा प्रवेश करावा.

दूरस्थ लिनक्स: एक्सआरडीपी हा सर्व्हर आरडीपीने आलेला संकेतांक वाचून स्वतःच्या मांडणी-फायलींपैकी जुळणारी फाइल निवडतो. जुळणारी फाइल न सापडल्यास अमेरिकी मांडणी लागू होते. अशा वेळी सत्रात ‘सेटएक्सकेबीमॅप’ आज्ञेने हवी ती मांडणी लावता येते. भारतीय मांडणीत मराठीसाठी इनस्क्रिप्ट तसेच कगप हे उच्चारानुसारी रूप उपलब्ध आहे. आयबस वापरणाऱ्यांनी ते दूरस्थ सत्रात चालू असल्याची खात्री करावी.

जवळचा संगणक लिनक्स असल्यास: फ्रीआरडीपी या आज्ञावलीला मांडणीचा संकेतांक जोडणीच्या आज्ञेतच देता येतो. रेमिनामध्ये कळफलकाच्या मांडणीचा पर्याय सेटिंगमध्ये आहे.

जवळचा संगणक मॅक असल्यास: मायक्रोसॉफ्टच्या मॅकवरील दूरस्थ जोडणीच्या ॲपमध्ये ‘स्कॅनकोड’ आणि ‘युनिकोड’ अशा दोन कळफलक-पद्धती असतात. मजकूर लिहिण्यासाठी युनिकोड पद्धत सोयीची, तर कळांच्या जोड्या वापरून आज्ञा देण्यासाठी स्कॅनकोड पद्धत अधिक विश्वासार्ह असते.

तातडीचे पर्याय: दुरुस्ती होईपर्यंत मजकूर जवळच्या संगणकावर लिहून क्लिपबोर्डद्वारे सत्रात चिकटवता येतो. त्यासाठी जोडणीत क्लिपबोर्डची देवाणघेवाण चालू असावी लागते. विंडोजमध्ये एखादे चिन्ह न मिळाल्यास आल्ट कळ दाबून धरून अंकफलकावर त्याचा क्रमांक टंकावा. उदाहरणार्थ, उलट्या तिरक्या रेघेसाठी ९२.

आरडीपी सत्रातील कळांच्या पर्यायी जोड्या

काही कळांच्या जोड्या जवळचा संगणक स्वतःकडेच ठेवू शकतो. त्यांच्यासाठी आरडीपीमध्ये पुढील पर्याय आहेत.

• कंट्रोल-आल्ट-डिलीटऐवजी कंट्रोल-आल्ट-एन्ड
• आल्ट-टॅबऐवजी आल्ट-पेज अप. उलट क्रमासाठी आल्ट-पेज डाउन
• स्टार्ट मेनूसाठी आल्ट-होम
• पूर्ण पडदा आणि खिडकी यांत बदल करण्यासाठी कंट्रोल-आल्ट-ब्रेक

परवलीचा शब्द आणि सुरक्षितता

मांडणीच्या गोंधळाचा सर्वांत गंभीर परिणाम प्रवेशाच्या पडद्यावर होतो. परवलीच्या शब्दाची अक्षरे ठिपक्यांनी झाकलेली असल्याने चूक दिसत नाही. आणि सुरक्षिततेसाठी घातलेली विशेष चिन्हेच मांडणीनुसार सर्वांत जास्त बदलतात. शब्द बरोबर असल्याच्या विश्वासाने तो पुन्हा पुन्हा टंकला जातो. अनेक संस्थांत ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद होते. कार्यालयीन वेळेबाहेर असे घडल्यास रुग्णालय, बँक अथवा परीक्षा विभागातील तातडीचे काम अडून राहू शकते.

म्हणून दुसरा प्रयत्न फसताच थांबावे. प्रवेशाच्या पडद्यावर मांडणी दर्शवणारी खूण असते, ती पाहावी. परवलीचा शब्द वापरकर्तानामाच्या उघड्या रकान्यात टंकून पाहण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तो टाळावा, तेथे टंकलेला मजकूर शेजारच्यास दिसतो आणि चुकून सादर झाल्यास नोंदींत साठू शकतो. त्याऐवजी त्या रकान्यात परवलीच्या शब्दात नसलेली दोन-तीन चिन्हे टंकून मांडणी ओळखावी आणि मग ती खोडून टाकावीत. परवलीचा शब्द क्लिपबोर्डवरून चिकटवल्यास काम झाल्यावर क्लिपबोर्ड रिकामा करावा.

वापरकर्त्याने स्वतःसाठी केलेली भाषेची निवड प्रवेशाच्या पडद्याला आपोआप लागू होत नाही. विंडोजच्या ‘रीजन’ या खिडकीतील प्रशासकीय भागातून ती स्वागताच्या पडद्यासाठी आणि नव्या खात्यांसाठी वेगळी नक्कल करावी लागते. मांडणी चुकीची असताना नवा परवलीचा शब्द ठरवला, तर तो त्याच चुकीच्या रूपात साठतो आणि मांडणी दुरुस्त होताच ‘बिघडतो’. यास्तव आधी मांडणी, मग परवलीचा शब्द, हा क्रम मोडू नये.

आज्ञा देण्याच्या खिडकीतही हाच धोका असतो. उभी रेघ, तिरकी रेघ, तारांकन आणि कोनाकार कंस या चिन्हांवर आज्ञेचा अर्थ अवलंबून असतो. त्यामुळे एन्टर दाबण्यापूर्वी पूर्ण ओळ वाचून पाहण्याची शिस्त दूरस्थ सत्रात अधिकच आवश्यक ठरते.

प्रतिबंध

• सर्व्हर उभारतानाच त्याची मांडणी ठरवून ती लेखी नोंदवावी आणि प्रत्येक वापरकर्त्यास कळवावी.
• सत्रात फक्त लागतील तेवढ्याच मांडण्या ठेवाव्यात. बहुतेक मराठी वापरकर्त्यांना एक इंग्रजी आणि एक मराठी मांडणी पुरते.
• मराठी नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात सर्वांनी एकच युनिकोड लेखनपद्धती वापरावी.
• नवीन जोडणी झाल्यावर ‘ऱ’, ‘ॲ’, ‘ळ’ ही अक्षरे, रुपयाचे चिन्ह आणि ‘ॲट’चे चिन्ह असलेली एक चाचणी-ओळ टंकून पाहावी.
• कार्यप्रणाली अथवा जोडणीची आज्ञावली अद्ययावत केल्यानंतर ही चाचणी पुन्हा करावी.

हे सुद्धा पहा

• इनस्क्रिप्ट
• कळफलक
• देवनागरी
• युनिकोड
• रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल